टाकीला घोंगडं

आमच्या गच्चीवर सोलर बसवला आणि त्यानंतर महिनाभर आम्ही घरातली चारही माणसं गार पाण्यानं अंघोळ करत होतो.

यात सोलरचा काहीही दोष नव्हता. हे मी आत्ता सांगते. तेव्हा मात्र मी कंपनीला, हवेला, सूर्याला आणि माझ्या मुलीच्या लांब केसांना, अशा क्रमानं दोष दिला होता.

गोष्ट दोन हजार सालाच्या आसपासची. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी तोवर तांब्याचा बंब होता. माझे सासरे, म्हणजे आबा, रोज पहाटे पाचला तो पेटवायचे. चिपाडं, शेंगांची टरफलं, नारळाच्या शेंड्या, मुलीच्या जुन्या वह्या (एकदा चालू वर्षाचीही एक) असं हाताला लागेल ते बंबाच्या पोटात जायचं. पाणी तापायचं खरं, पण त्याआधी अख्खं घर खोकून जागं व्हायचं. शिवाय बंब आठवड्याला चिंचेनं घासायचा कुणी? मी. एका दिवाळीत घासता घासता मी ठरवलं, की आता बास!

सोलर बसवायचा म्हटल्यावर आबांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"उन्हावर पानी तापतंय व्हय? मग आमी काय येडं हुतो, इतकी वर्सं लाकडं फोडत बसलो?"

"आबा, जग पुढं गेलंय."

"जाऊ दे की! मला सहाला अंघोळ पायजे. मला कुटं जायचंय जगाबरोबर?"

शेवटी तह झाला. संक्रांतीपर्यंत आबा बघणार. तोवर सहाच्या ठोक्याला गरम पाणी मिळालं तर ठीक, नाहीतर बंब परत न्हाणीत. मी हसत कबूल झाले आणि इतक्या आत्मविश्वासानं कबूल झाले, की त्याच संध्याकाळी बंब उचलून शेजारच्या सुनंदाला देऊन टाकला. सुनंदा माझी जुनी मैत्रीण. पहाटे अंघोळ, मग लिंगपूजा, मग घरचं दुकान, असा तिचा खाक्या. तिचा स्वतःचा बंब गळत होता. बंब देताना मी तिला धूर, डोळे आणि एकविसावं शतक या विषयावर पंधरा मिनिटं व्याख्यानही दिलं. म्हणजे आता बंब परत मागायची वेळ आली असती, तर ते व्याख्यानही परत घ्यावं लागलं असतं!

सोलर आला. प्लंबर म्हणाला, गरम पाण्यासाठी न्हाणीत नवा पाइप घालावा लागेल, फरशी फुटेल. फरशी दोनच वर्षांपूर्वी घातलेली. मी तिथल्या तिथं उपाय काढला: भिंतीतला जुना पाइप गरम पाण्याला वापर, आणि गार पाण्याचा नवा पाइप वरनं, खिडकीतून आण. फोडाफोडी शून्य!

प्लंबर डोकं खाजवत म्हणाला, "वैनी, ह्या जुन्या पाइपावर आनि कुठला नळ न्हाय न्हवं?"

"नाही. वीस वर्षं झाली या घरात. मला माहीत नसेल?"

तो गप्प बसला. असं बोलल्यावर माणसं गप्प बसतात, हा माझा अनुभव आहे. त्यांनी बसू नये, हा नंतरचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी नळ सोडला तर वाफाळतं पाणी! मी आबांना हात धरून न्हाणीत नेलं. त्यांनी धारेखाली बोट धरलं, चटकन काढलं आणि म्हणाले, "दुपारी काय, रांजनातलं पानी पन तापतंय. सकाळी बघू."

सकाळी सहाला आबांनी नळ सोडला. आतून आलेला आवाज मी इथं लिहू शकत नाही.

"नवीन आहे, आबा. रुळायला दोन दिवस लागतात," मी दाराबाहेरून म्हणाले.

"नवरी हाय व्हय, रुळायला?"

दोन दिवस गेले, चार गेले. दुपारी गरम, संध्याकाळी गरम, रात्री झोपताना हात लावून बघावा तर गरम. आणि सकाळी सहाला बर्फ! हे गणित काही केल्या सुटेना. माझ्या नवऱ्यानं पेपरमधून डोकं वर काढून मत दिलं, "रात्रीच्या थंडीनं निवत असेल." दुसरं मत नसल्यानं मी ते खरं मानलं. टाकीला आधी एक गोधडी गुंडाळली. मग दोन. मग आबांचं घोंगडं, आणि वरून सुतळीचे वेढे. आमच्या गच्चीवर कुणी जाडजूड पाहुणा पांघरूण घेऊन झोपलाय असं गल्लीतून दिसायचं.

सुनंदानं तिच्या गच्चीवरून विचारलंच, "काय गं, टाकीला थंडी वाजती?"

"उन्हानं रंग उडतो म्हणून झाकलीय," मी म्हणाले. (ज्या वस्तूनं उन्हात उभं राहायचं, तिचा रंग!)

"आणि पाणी?"

"पाणी? काय सांगू! हात भाजतो."

हीच माझी चूक. घरात मी दात वाजवत अंघोळ करत होते आणि बाहेर येऊन गल्लीभर सांगत होते, की सोलरसारखं सुख नाही. त्यामुळं खरा प्रकार माहीत असलेलं कुणी मला तो सांगायलाच येईना.

कंपनीच्या माणसाला बोलावलं. तो भर दुपारी बाराला आला, नळ सोडला, बोट भाजून घेतलं आणि म्हणाला, "बाई, पाणी गरम आहे."

"ते मला माहीत आहे. सकाळी नसतं."

"सकाळी ऊन नसतं, बाई."

"रात्रीही नसतं! पण रात्री दहाला पाणी गरम असतं. मग सकाळपर्यंत काय होतं?"

त्यानं टाकीकडं बघितलं, टाकीवरच्या घोंगड्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं, सावकाश. "घरात रात्रीचं कुणी वापरतंय का बघा," एवढं बोलून जिना उतरला. तो खाली पोचला तेव्हा मी मुलीच्या केसांवर संशय घेऊन मोकळी झाले होते. तिनं दोन दिवस अबोला धरला. पाणी तिसऱ्या दिवशीही गारच.

मग मी शेवटचा उपाय केला, आणि तो सांगायला आजही लाज वाटते. रोज पहाटे पाचला उठून गॅसवर मोठं पातेलं पाणी तापवायचं, चोरपावलांनी न्हाणीत न्यायचं, आबांच्या बादलीत ओतायचं आणि सहाला हाक मारायची, "आबा, सोलरचं पाणी काढलंय हो!" म्हणजे पहाटे उठून बंब पेटवायचा त्रास वाचावा म्हणून सोलर घेतला, आणि सोलरची अब्रू वाचावी म्हणून पहाटे उठू लागले. शिवाय आबा बंब तरी स्वतः पेटवत होते!

हे आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी आबा अंघोळ अर्धी टाकून, पंचा गुंडाळून बाहेर आले. तळहात माझ्यापुढं धरला.

"हे काय?"

"काय आहे?"

"जिरं. सोलरच्या पान्यात जिरं कुठनं आलं?"

आदल्या रात्री त्या पातेल्यात आमटी होती.

"संक्रांतीला चार दिस हायत," आबा म्हणाले आणि जिरं टिचकीनं उडवून आत गेले.

चार दिवसांत पाण्याचा चोर सापडायला हवा होता. पहाटे कुणाला गरम पाणी लागतं? गल्लीत पाचला अंघोळ करणारी एकच बाई मला माहीत होती! दुसऱ्या दिवशी पहाटे मी सुनंदाच्या दारात. "बंब नीट चाललाय का बघायला आले," असं म्हणत थेट तिच्या न्हाणीत घुसले, भिंतीवर कुठं नवा पाइप दिसतोय का ते चाचपलं, आणि बादलीत हात घालून ओरडले. चांगलंच कढत होतं.

सुनंदा पूजेला बसता बसता उठून आली. "अगं, काय करतीस तू? भिंत कशाला चाचपतीस?"

"ओल आलीय का बघते."

"माझ्या भिंतीची ओल? तुला? पहाटे पाचला?" तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "ताप नाही. चहा घे आणि घरी जा."

चहा घेऊन घरी आले. शेजारच्या न्हाणीत माझाच बंब खदखदत होता, आणि त्याला हात लावायची सोय नव्हती.

संक्रांत आली. हळदीकुंकवाचं आमंत्रण महिन्यापूर्वीच देऊन ठेवलेलं. वाण म्हणून मी अंघोळीचे प्लास्टिकचे मग आणले होते, सोलरच्या आनंदाप्रीत्यर्थ! आता प्रत्येक बाईच्या हातात मग देताना मलाच तो टोचत होता. आबा आतल्या खोलीत बसून होते. उद्या सकाळी मी सुनंदाकडं बंब मागायला जाणार हे ठरल्यातच जमा होतं. सुनंदा समोरच बसली होती, आणि कसं बोलावं याची मनात जुळवाजुळव करत मी तिला तिळगूळ दोनदा दिला.

तेवढ्यात पारूबाई आली. आमच्या घराच्या मागं, बोळाला लागून दत्तू गवळ्याचा गोठा आहे, त्याची ही बायको. हातात दुधानं भरलेली चरवी. ती माझ्यापुढं ठेवून पारूबाईनं सगळ्यांसमोर मला वाकून नमस्कार केला.

"वैनी, तुमचं लई उपकार झालं बगा!"

"कसले हो?"

"आता कसलं म्हून काय इचारताय! रोज पाचला मागचा नळ सोडला की वाफाळतं पानी! आमचं मालक पाइप लावून दोनी म्हशी न्हाऊ घालत्यात. आशा गप हुब्या ऱ्हात्यात, माहेरी आल्यावानी! गेल्या साली थंडीत दूध आटलंतं. औंदा थेंब कमी न्हाय."

मागचा नळ. कुठला मागचा नळ?

मी तिच्याकडं बघत होते आणि डोक्यात पाइप फिरत होता. न्हाणीच्या भिंतीतून आत आमचा नळ. आणि त्याच भिंतीतून... बाहेर बोळात... सासूबाईंच्या वेळेपासून दत्तूला वापरायला दिलेला नळ! शेणामुळं त्या बोळात मी वीस वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं.

"लोक म्हशीवर पोतं टाकत्यात," पारूबाई बायकांना सांगत होती, "वैनींनी सोलर टाकला!"

"आम्हाला केव्हापास्नं माहीत आहे," सुनंदा म्हणाली. "सगळी गल्ली कौतुक करती हिचं. मला वाटलं, स्वतःहून कशाला सांगेल? दानाचा बोभाटा करू नये म्हणतात."

सगळ्या बायका माझ्याकडं अशा बघायला लागल्या, की आयुष्यात माझ्याकडं कुणी तसं बघितलं नव्हतं. चूक झाली असं म्हणायला मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. त्यातून बाहेर पडलं ते असं: "अहो, मुक्या जनावराला थंडी वाजत नाही का?"

आतल्या खोलीचं दार उघडलं. आबा उंबऱ्यात उभे.

"पारू, पानी किती वाजता सोडता म्हनलीस?"

"पाचला, आबा."

"आनि संपतंय कवा?"

"साडेपाचपत्तोर गार लागतंय की."

आबांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या हातातल्या मगाकडं बघितलं. "बराबर हाय," म्हणाले आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी बोळाच्या खिडकीतून बघितलं. आबा पंचा नेसून मागच्या नळाखाली बसले होते. दत्तू त्यांच्या पाठीवर पाइप धरून उभा होता, आणि दोन म्हशी रांगेत होत्या. आबांना पहाटे गरम पाणी, गप्पा मारायला दत्तू, आणि वरून धारेचं दूध. बंबाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. तह मी जिंकले! नळाला मात्र आता बूच मारता येत नव्हतं. उभ्या गल्लीनं ज्या दानाचं कौतुक केलं, ते दुसऱ्या दिवशी बंद करायला माणसाला कातडं जाड लागतं. फरशी फोडून पाइप वेगळा करायचं काम मे महिन्यावर ढकललं.

फेब्रुवारीत कंपनीचा तोच माणूस वारणानगरच्या एका जोडप्याला घेऊन आला. त्यांना सोलर घ्यायचा होता, म्हणून आमचा दाखवायला.

"बाई, तुमचा अनुभव सांगा. सकाळी किती जणांना पुरतं?"

"तिघांना," मी म्हणाले. "आमचे आबा आणि दोन म्हशी."

नवरा-बायकोनं एकमेकांकडं बघितलं. कंपनीच्या माणसानं वर घोंगड्याकडं बघितलं.

"आणि तुम्ही?" बाईंनी हळूच विचारलं.

"मी?" मी ताठ मानेनं म्हणाले, "मला गार पाणीच मानवतं." आणि लागोपाठ चार शिंका दिल्या.