शिवेपलीकडची सोबत

आधीच सांगते, या सदरातले अनुभव वाचून खिदळणाऱ्यांपैकी मी एक. पांढरी साडी, उलटे पाय, रिकाम्या घरातून येणाऱ्या हाका... मी गणित शिकवते, आणि सिद्धता नसेल तर बरोबर उत्तरालाही मार्क देत नाही. खाली जे लिहितेय त्याला मी स्वतः शून्य दिलं असतं. पण जे घडलं ते भर दिवसा घडलं आणि माझ्यासोबतच घडलं.

आमचं गाव कशेळ्याच्या पुढे, कर्जत-मुरबाड रस्ता सोडून थोडं आत. माझे वडील, अण्णा, यांनी खालापूरकडच्या एका कारखान्यात नोकरी करत भातशेती सांभाळली. आता रिटायर आहेत, त्यामुळे दिवसभर दुसऱ्यांवर लक्ष ठेवायला मोकळे. मी चौतीस वर्षांची, लग्न न केलेली, आणि दोन वर्षांपासून दक्षिण पोलंडमधल्या एका छोट्या शहरात शाळेत शिकवते. या शेवटच्या वाक्यातली प्रत्येक गोष्ट अण्णांना टोचते.

मागच्या डिसेंबरात घरी आले होते. जेवताना सहज बोलून गेले, की ईस्टरच्या सुट्टीत दहा दिवस एकटी फिरणार आहे. स्वस्तातल्या बस, स्वस्तातली हॉस्टेलं, पाठीवर एक सॅक. झालं...

"एकटी? बाईमानूस एकटं कुटं फिरतं?"

"अण्णा, मी तिकडे एकटीच राहते."

"त्येच चुकलं आमचं. पाठवलं तितंच चुकलं."

पुढचं लिहीत नाही. मीही काही कमी बोलले नाही. निघायच्या दिवसापर्यंत आमचा अबोला होता.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. लांबच्या प्रवासाला निघालेला माणूस गावाच्या शिवेवर थांबतो. तिथे आंब्याखाली एक शेंदूर लावलेला दगड, तो गावाचा राखणदार. घरातलं मोठं माणूस नारळ फोडून त्याला सांगतं, "शिवेपार घाल आन् माघारी फीर." म्हणजे त्याने शीव ओलांडेपर्यंत सोबत करायची आणि परत आपल्या जागी येऊन बसायचं. लहानपणापासून हे इतक्यांदा ऐकलंय, की त्यात काही अर्थ असेल असं कधी वाटलंच नाही.

त्या दिवशी रागाच्या भरात मी गाडीतून उतरलेच नाही. अण्णा दगडापुढे पाठमोरे उभे राहून पुटपुटत होते, आई मागे हात जोडून. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ लागला. मग अण्णांनी काहीही न बोलता खिडकीतून खोबऱ्याचा तुकडा आत दिला. मी मोबाईल बघत तो खाल्ला. विमानतळाच्या वाटेवरचं चौक-लोधिवली मागे पडेपर्यंत सगळं विसरूनही गेले.

एप्रिलमध्ये निघाले. पहिला मुक्काम ब्रातिस्लावा. दुपारी दोनला हॉस्टेलवर पोचले. बायकांसाठीची सहा खाटांची खोली, आत एकच स्पॅनिश मुलगी सामान लावत होती. माझ्याकडे बघून हसली, मग माझ्या खांद्यामागे बघितलं आणि तिचं हसू गेलं.

"वडिलांना बाहेर थांबायला सांग. ही बायकांची खोली आहे."

"माझे वडील भारतात आहेत," मी म्हटलं.

तिने पुन्हा माझ्या मागे बघितलं, बॅग उचलली आणि भिंतीला घासत, माझ्यापासून शक्य तितकं लांबून बाहेर गेली. खाली जाऊन तिने तक्रार केली. रिसेप्शनवरचा माणूस वर आला, खाटेखाली वाकून बघितलं, बाथरूम बघितलं. मी त्याला वर्णद्वेषावर असं काही ऐकवलं, की तो माफी मागून गेला. ज्याच्यावर ओरडता येईल असं कारण मिळालं की मला बरं वाटतं... तेव्हाही वाटलं.

व्हिएन्नात दोन दिवस काढले. तिथेही माझ्या खोलीतल्या बायका एकेक करून खोली बदलून गेल्या. तिथून ल्युब्लियानाला निघालेली बस पूर्ण भरली, फक्त माझ्या शेजारची जागा सोडून. एक लठ्ठ गृहस्थ सँडविच सांभाळत तिथे बसायला आले, त्या रिकाम्या सीटला "माफ करा" म्हणाले आणि मागे फिरून ड्रायव्हरला जागा मागू लागले. ड्रायव्हरने माणसं मोजली. परत मोजली. मग माझ्यापाशी येऊन शेजारच्या सीटकडे बोट दाखवत गुरकावला, "यांचं तिकीट?"

मी उभी राहून भांडले. बस वीस मिनिटं तिथेच. अख्खी बस माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी कुणाला तरी चोरून घेऊन चालले होते.

ल्युब्लियानात, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, साफसफाई करणाऱ्या बाईंनी माझ्या खोलीचं दार धाडकन उघडलं. पन्नाशीच्या, हातात मॉप, चेहरा लालबुंद. दारापासून माझ्या खाटेपर्यंत चिखल होता. मी बूट उचलून दाखवले, तळ कोरडे ठणठणीत. त्यांनी मान हलवली, "तू नाही, तो!" माझ्या उशाशी पडलेल्या हॉस्टेलच्या माहितीपत्रकामागे त्यांनी पेनाने चित्र काढलं. कमरेत वाकलेला म्हातारा, अनवाणी. डोक्यापासून पाठीवर, पालथ्या होडीसारखं काहीतरी.

ते इरलं होतं.

बांबू आणि पानांचं विणलेलं. पावसात वाकून लावणी करताना आमच्याकडची माणसं पाठीवर घ्यायची. प्लास्टिक आल्यापासून कुणी घेत नाही. आजोबांचं इरलं आमच्या माळ्यावर होतं, म्हणून मला तरी माहीत. स्लोव्हेनियातल्या बाईंना ते कुठून माहीत असणार?

मी खाली वाकून चिखलाला हात लावला. काळा, चिकट, आणि त्यात धसकटं. भात कापल्यावर शेतात राहतात ती, लहानपणी माझ्या पायांत शंभरदा घुसलेली. तेव्हा मी घाबरले. मी आईला व्हिडिओ कॉल लावला.

"आई, त्या दिवशी अण्णा शिवेवर काय बोलले?"

आई पदर तोंडाला लावून म्हणाली, "अगं बाय, त्यांनी माघारी फीर म्हटलंच नाय. जाईल तितं संगं ऱ्हा, म्हनले. कुनाला तिच्याजवळ येऊ देऊ नको, म्हनले. मी त्यांना सांगितलं, असं नाय सांगायचं..."

भीती तिथल्या तिथे गेली. उरला तो नुसता संताप. ही दहा दिवसांची सुट्टी मी सगळ्यांशी भांडून मिळवली होती, आणि त्यातला एक तासही माझा एकटीचा नव्हता.

अण्णांनी फोन घेतला. "मंग? नीट हायस ना? कुनी तरास दिला का?"

"आत्ताच्या आत्ता शिवेवर जा आणि त्याला माघारी बोलवा."

"तू कायमची ये घरी. मंग बोलवतो."

"लाज वाटते का हो तुम्हाला?"

"माज्या पोरीची राखन मी नाय करनार तर कोन करनार?"

तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, कधी नव्हे तो चढलेला. "आवो, दगड कुटं हाय त्ये सांगा की तिला!"

आईनेच सांगितलं. तो आंबा असलेला शिवेवरचा आमचा जमिनीचा तुकडा त्यांनी फेब्रुवारीत फार्महाऊसवाल्यांना विकला. जेसीबी आला, आंबा गेला. आणि दगड गेटखालच्या भरावात गेला. राखणदार जागेवर नव्हताच, म्हणून कुणाला काही जाणवलं नाही म्हणे.

मी विचारलं, "मग तो माघारी येणार कुठे?"

अण्णा स्क्रीनकडे बघत होते. माझ्याकडे नाही... माझ्या खांद्याच्या वर, मागे. मी वळून बघितलं. खाट आणि पांढरी भिंत, बस. पुन्हा फोनकडे बघितलं, तर अण्णांच्या चेहऱ्यावर रक्त नव्हतं.

"बाय," ते कुजबुजले, "त्यानं आयकलं का गं?"

मी पुन्हा मागे वळून बघितलं.

"तू... तू इतक्यात इकडं नको येऊ. तितंच ऱ्हा." आणि फोन ठेवून दिला.

यावर मी खूप डोकं चालवलंय. चिखल कुंडीतला असेल, धसकटं म्हणजे कसलं तरी गवत असेल, ड्रायव्हरचं मोजणं चुकलं असेल. पण एकमेकांना न ओळखणाऱ्या इतक्या माणसांना एकच म्हातारा का दिसावा, आणि मला एकदाही का दिसू नये? सिद्धता नाही. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची जानेवारीपासूनच रिकामी असते, हे आत्ता माझ्या लक्षात येतंय. मी विचारत नाही, कुणी सांगत नाही.

अण्णा दर रविवारी फोन करतात. दोन वर्षं ज्यांचा पहिला प्रश्न "कधी येतेस?" असायचा, ते आता विचारतात, "येत नायस ना?"

शाळा जूनअखेर संपते. लावणीच्या दिवसांत घरी पोचेन. कशेळ्याहून गाडी करून आधी शिवेवर, त्या नव्या गेटसमोर थांबणार आहे, आणि या वेळी उतरून 'माघारी फीर' हे मीच म्हणणार आहे. अण्णांना अजून सांगितलेलं नाही.

तिकीट मात्र एकाच माणसाचं काढलंय.