हिरव्या हातचं पाणी

नातवंडांनो, दुष्टाचं काम करताना नटाला वाईट वाटतं का, असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत. आज उत्तर डोळ्यांनी पाहिलं, म्हणून लगेच लिहिते.

आमच्या गच्चीवर अंतराळातल्या सिनेमाचं शूटिंग होतं. शेजारचे सुधीरराव यानाचे दुष्ट कप्तान झाले होते आणि अंगभर हिरवा रंग लावलेली नीता परग्रहावरची पाहुणी. तिने दिलेला पेला झिडकारून त्यांनी म्हणायचं होतं, "तुमच्या हातचं पाणी आम्ही पीत नाही."

त्यांची जीभ रेटेना. "हे माझ्या आजोबांना ऐकावं लागलंय, पोरी. तुला कसं म्हणू?"

"काका, आधी माझ्या हातचं प्या, मग खुशाल ओरडा!"

ते घटाघटा प्यायले आणि कॅमेऱ्यासमोर ते वाक्य असे गरजले की कठड्यावरची कबुतरं उडाली. पण पेल्याच्या काठावरचा तिच्या बोटांचा ओला रंग त्यांच्या मिशीला लागला होता. सगळे पोट धरून हसले, सुधीररावही.

माणूस ताऱ्यांवर जाताना हे वाक्य सोबत नेईल, की ते उच्चारतानाचा संकोच? संकोच नेला तर बरं, असं मला वाटलं.

"मिशी पुसू नका," दिग्दर्शिका म्हणाली.

तो शॉट तसाच ठेवला आहे.