खरखर कुठून येते

पुण्याहून निघताना गाडीच्या टपावर लांबलचक अँटेना बसवला, तेव्हा बायको म्हणाली, "लोक हसतील." हसू देत. साखरखेर्ड्याचे वानखेडे गुरुजी तीन महिने रेडिओविना होते. आम्ही दोघे शॉर्टवेव्हचे जुने श्रोते. एका परदेशी हिंदी केंद्रावर वाचल्या जाणाऱ्या पत्रांतून ओळख झालेली. त्यांचं शेवटचं पोस्टकार्ड होतं, 'नुसती खरखर. केंद्र बंद पडलं की माझे कान गेले?'

सिंदखेडराजा सोडल्यावर बाभळीच्या फांदीने अँटेना वाकवला. चहावाल्याने पक्कड दिली.

"हे काऊन (का) लावलं हो गाडीले?"

"रेडिओ ऐकायला."

"मोबाइल नाही का तुमच्यापाशी?"

मी अँटेना सरळ करून पक्कड परत दिली.

गुरुजी खाटेवर होते. नाकात नळी, उशाशी ऑक्सिजनचं मशीन. त्यांच्या सुनेने, सविताने, भाकर-ठेचा वाढला. जेवलो आणि कामाला लागलो.

अंगणात गाडीतल्या रेडिओवरही तीच खरखर. गाडी गल्लीच्या टोकाला नेली, खरखर कमी झाली. गावाबाहेर माळावर इंजिन बंद केलं आणि निवेदिकेचा आवाज स्वच्छ आला. मला चेव चढला. परत येऊन सविताला मशीन क्षणभर बंद करायला लावलं. गुरुजींच्या रेडिओतून तोच आवाज खणखणीत आला.

"बघा गुरुजी, कान शाबूत, केंद्रही शाबूत. खरखर या मशीनची!"

गुरुजी लहान मुलासारखे हसले. सविताने लगेच मशीन सुरू केलं. "बाबा, तुमाले दम लागते."

दुसऱ्या दिवशी, ऊन उतरल्यावर, छोटा सिलिंडर घेऊन त्यांना गाडीतून माळावर नेलं. अर्धा तास त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग वहीत तारीख, वेळ लिहून पुढे लिहिलं, 'आवाज उत्तम.'

"पुन्हा कधी येसान?"

"पुढच्या महिन्यात."

"तवरोक (तोवर) मी काय करू?"

मी हसण्यावारी नेलं. परतीच्या वाटेवर तर स्वतःवरच खूश होतो.

आठव्या दिवशी सविताचा फोन आला. ती दळण आणायला गेली होती, तेवढ्यात गुरुजींनी हात लांबवून मशीनचं बटण दाबलं होतं.

अँटेना अजून गाडीवरच आहे. काढायला हात धजत नाही. मी जाताना अँटेना नेला, येताना बटण दाखवून आलो, हे मला कुणी सांगायला नको. सविताने बोल लावला नाही. ती एवढंच म्हणाली, "काका, मी आली तं मशीन बंद होती. रेडिओ मात्र साफ वाजून राह्यला होता."