धाकट्याच्या नावावर

ती घटना आठवली की आजही मला आधी दोन हात दिसतात, चेहरा नंतर. मयताच्या चेहऱ्याकडे तपास अधिकाऱ्याने फार वेळ बघू नये, झोप जाते. पण इन्क्वेस्ट पंचनाम्यात अंगावरची प्रत्येक खूण लिहावी लागते, आणि त्या दिवशी मी हातांपाशी जरा रेंगाळलो. दोन्ही तळव्यांना जुने घट्टे होते. उजव्या अंगठ्याचं नख कधीतरी चेंबून अर्धंच वाढलेलं होतं. मनगटापर्यंत भाजल्याचे बारीक पांढरे डाग होते. ते सगळं लिहून काढलं, पंचांच्या सह्या घेतल्या आणि पुढच्या कामाला लागलो.

शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. निवृत्तीच्या थोडं आधी मी पवईच्या बाजूला होतो. तलावाभोवती काचेच्या इमारती, त्यात एक कंपनी जाते, दुसरी येते, आणि नव्या भाडेकरूला जुन्याचं छत चालत नाही. त्यामुळे कुठल्या ना कुठल्या मजल्यावर तोडफोड कायम चालू असायची. अशाच एका ठिकाणी एसीचे डक्ट बसवताना परांची सरकली आणि वर काम करणारा माणूस डोक्यावर पडला. महापालिकेच्या रुग्णालयात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

ठेकेदाराच्या माणसाने गेटपास आणि आधारची झेरॉक्स पुढे केली. त्यावरून मयत अविवाहित तरुण, राहणार घाटकोपर, डोंगरावरची चाळ. आधारवरचा फोटो सख्ख्या आईलाही ओळखता येत नाही, असं आम्ही ठाण्यात चेष्टेने म्हणायचो. या प्रकरणानंतर ती चेष्टा माझ्या तोंडून पुन्हा निघाली नाही.

घरून तिघं आली. म्हातारी आई, थोरला मुलगा आणि त्याची बायको. म्हातारीने पांढरी चादर स्वतःच्या हाताने बाजूला केली आणि म्हणाली, "माझो धाकटो." मग ती खाली बसली. थोरल्याने जबाब दिला, सही केली. सून भिंतीला पाठ लावून उभी होती. ती रडत नव्हती. दीर गेल्यावर प्रत्येक भावजय ऊर बडवत नाही, तेव्हा मी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. अपमृत्यूची नोंद झाली, ठेकेदारावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला आणि प्रेत नातेवाइकांच्या ताब्यात दिलं.

पुढे दहावं-बारावं उरकलं असेल नसेल, ठाण्यात फोन आला. ठाणे अंमलदाराने माझ्याकडे येऊन सांगितलं, "साहेब, बाई होती. म्हणाली, पवईला जो पडून मेला ना, त्याचं नाव तुम्ही चुकीचं लिहिलंय, घरी जाऊन नीट बघा. एवढंच बोलली आणि ठेवून दिला."

निनावी फोन म्हणजे बहुतेक वेळा शेजाऱ्याशी नळावरून झालेलं भांडण असतं. त्यातला निम्मा माल खोटा आणि उरलेला तिखटमीठ लावलेला. पण नाव चुकलं म्हणणारा फोन मला पहिल्यांदाच आला होता. नंबर मयताच्याच वस्तीच्या पायथ्याशी असलेल्या मेडिकलचा निघाला. दुकानदार म्हणाला, "दिवसभरात कितीतरी बायका फोन मागतात साहेब, कुणाकुणाचं तोंड लक्षात ठेवू?"

एका महिला शिपायाला घेऊन साध्या कपड्यांत वर चढलो. चाळीत पोलीस आला की न विचारता पत्ता मिळतो आणि पत्त्याबरोबर त्या घराची कुंडलीही मिळते. त्या दिवशी मात्र अख्खी चाळ मुकी झाली होती. बायका दारं लोटून आत गेल्या. कॅरमवाले सोंगट्या टाकून उठले. इथे काहीतरी आहे, आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे, एवढं मला तिथेच कळलं.

थोरला घरातच होता. भावाचं केलं म्हणून डोकं आणि मिशी उतरवलेली. सुनेने चहा ठेवला. कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. कोपऱ्यात शाळेच्या गणवेशात त्यांची लहान मुलगी बसली होती.

"काम काय करता?" मी थोरल्याला विचारलं.

"फिटर होतो, मुलुंडच्या कंपनीत. कंपनी बंद झाली साहेब. आता कामगार विम्यातून बेकारीची मदत मिळते, थोडे महिने."

"आणि भाऊ?"

"तो बाईकवर पार्सलं पोचवायचा. मग पवईला हे तीन आठवड्यांचं काम मिळालं."

म्हातारी नातीला म्हणाली, "पप्पांका पाणी दी गो."

पोरीने ग्लास घेतला आणि ती मधेच थांबली. आधी आईकडे बघितलं, मग आजीकडे. मग गिळल्यासारखं करून म्हणाली, "घ्या पप्पा." सुनेने तोंड फिरवलं आणि उगाचच गॅस बारीक केला.

ग्लास धरायला त्याने हात पुढे केला आणि माझी नजर तिथेच अडकली. तळवे मऊ, नखं शाबूत, एक डाग नाही. बोटं उन्हाने काळवंडलेली आणि हाताची पाठ मात्र गोरी, बोटं उघडी ठेवणारे हातमोजे घालून गाडी चालवणाऱ्याची असते तशी. पार्सल पोचवणाऱ्याच्या हाताला घट्टे आणि फिटरचा हात असा, हे काही जुळेना. चहा न पिता मी त्याला सोबत घेऊन ठाण्यात आलो.

खोटं बोलणाऱ्याला आरडाओरडा करून काही मिळत नाही, त्याला त्याचं काम विचारावं. मी कागद-पेन त्याच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, "तू एवढी वर्षं फिटर. कंपनीत सकाळी गेल्यावर पहिलं काय करायचास ते सांग. मशीन कुठलं होतं, शेजारी कोण असायचं, हत्यारं कुठे ठेवायचास?" तो टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, "साहेब, मेलेल्या माणसाला कशाला विचारताय?"

"म्हणजे?"

"मीच मेलोय ना! तुमच्या कागदात मीच आहे. माझ्याच नावाचं प्रेत मी जाळून आलो." मग तो लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. "दोस्त फोन करतात, उचलता येत नाही. गाडीला हात लावता येत नाही. आणि वहिनीकडे... वहिनीकडे तर बघवतच नाही हो."

पडून मेला तो थोरला होता. धाकटा माझ्यासमोर बसला होता.

पाठोपाठ म्हातारी डोंगर उतरून ठाण्यात आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. "साहेब, तेका सोडा," ती बाकावर बसत म्हणाली. "जा काय केला ता मी केलंय."

तिने सांगितलं ते असं. थोरल्याला विम्याची मदत चालू होती. त्यात पवईचं हे तीन आठवड्यांचं काम आलं. हातात विद्या असलेला माणूस, घरी बसून कंटाळला होता. तो म्हणाला, विम्याच्या कचेरीत जाऊन सांगतो, काम आहे तोवर मदत थांबवा, काम संपलं की परत चालू करा. सुनेचंही तेच म्हणणं होतं. म्हातारीने दोघांना गप्प केलं.

"ह्येंची गिरण," ती म्हणाली, ह्येंची म्हणजे तिच्या नवऱ्याची, "तात्पुरती बंद म्हणान सांगल्यानी. तात्पुरती! डबो घेऊन ते रोज गेटार जात आणि परत येत. तो भोंगो काय परत वाजलो नाय. बसल्या जागी गेले ते. म्हणान मी थोरल्या झिलाक सांगलंय, चालू असलेला आपल्या हातान बंद करू नको. एकदा बंद झाला काय झाला."

मग तोडगाही तिनेच काढला. गिरणीत कुणी आजारी पडलं, कुणी गावी गेलं, तर त्याच्या जागी भाऊ किंवा चुलतभाऊ कामावर जायचा. तिच्या घरात हे वर्षानुवर्षं चाललं होतं आणि त्यात कुणाला फसवल्यासारखं वाटायचं नाही. भावासाठी भाऊ उभा राहिला, एवढाच त्याचा अर्थ. तसा थोरला धाकट्याचं आधार घेऊन धाकट्याच्या नावावर पवईला गेला. दोघांचा तोंडवळा एक, त्यामुळे गेटवर कुणी विचारलंही नाही.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात ठेकेदाराचा माणूस तिला म्हणाला होता, पासवर ज्याचं नाव आहे त्याच्याच घरच्यांना भरपाई मिळेल, नाव दुसरं निघालं तर काही नाही, वर पोलिसांची भानगड. म्हातारीने तिथल्या तिथे ठरवलं. चादर उचलली आणि धाकट्याचं नाव घेतलं.

"आणि सून?" मी विचारलं. "तिचा नवरा गेला, त्याचं काय?"

म्हातारी माझ्या नजरेला नजर देत म्हणाली, "तिका सांगलंय, घरात रड, भायर जाताना कुकू लाव. पोरीचा शिक्षण कोण करतला?"

मला तिचा राग आला, हे खरं सांगतो. आणि त्या रागातच तिच्या पायांकडे लक्ष गेलं. चप्पल उलटसुलट घालून ती एवढा डोंगर उतरून आली होती. मी तिच्यासाठी पाणी मागवलं.

दुसऱ्या दिवशी सुनेचा पुरवणी जबाब घेतला. जबाब झाला की तो वाचून दाखवायचा आणि मग सही घ्यायची, हा शिरस्ता. पोलिसी मराठी रुक्ष असते. "मयत इसम हे माझे पती होते," असं मी वाचलं आणि ती बाई टेबलावर कोसळली. महिला शिपायाने तिला धरलं. मी उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. आतून तिचा आवाज येत होता आणि हजेरीला आलेले दोन सराईत चोरही मान खाली घालून बसले होते.

सही करताना ती हळूच म्हणाली, "फोन मीच केला होता साहेब. आईंना सांगू नका."

"एवढे दिवस थांबलात, मग त्या दिवशीच का केलात?"

"पोरगी झोपेत घोकत होती. पोलीस आले की काकांना पप्पा म्हणायचं, पोलीस आले की काकांना पप्पा म्हणायचं. म्हटलं, अजून थोडे दिवस गेले तर ती खरंच विसरेल तिचा बाप कसा होता ते. मला पैसे नकोत असं नाही साहेब. पण माझा माणूस गेला आणि मी हळदीकुंकवाला बोलावणं आलं तर जायचं?"

मी कागदपत्रं दुरुस्त केली. धाकट्याने आणि म्हातारीने खोटी माहिती दिली हेही अहवालात जसंच्या तसं लिहिलं. वरिष्ठांनी दोघांना समज देऊन घरी पाठवलं. ठेकेदार मात्र फिरायचा तसाच फिरला. हा माणूस आमच्याकडे नव्हताच, म्हणाला. सोबतच्या एका बिहारी फिटरने जबाब दिला, "नाम हमको नहीं मालूम साहब. जो गिरा वही रोज आता था, अपना खाना हमको देता था." त्या एका जबाबावर भरपाईचा दावा उभा राहिला. मी निवृत्त झालो तेव्हा तो चालूच होता, आणि माझ्या माहितीप्रमाणे अजून तारखा पडताहेत.

नोकरीची बरीच वर्षं मी मानत होतो की माणूस फायद्यासाठी खोटं बोलतो. फायद्यासाठी बोलणारे असतातच, ते पकडायला सोपे. पण साधी माणसं खोटं बोलतात ती धास्तीने, आणि ती धास्ती पुष्कळदा त्यांची स्वतःचीसुद्धा नसते, बापाच्या वेळची असते. गिरणीच्या जागी मॉल उभा राहिला, तरी गेटावरून परत आलेला डबा त्या घरात तसाच होता. अशा माणसाला दरडावून विचारलं तर तो आणखी घट्ट होतो, हे मला फार उशिरा उमगलं.

प्रकरण माझ्यापुरतं संपत आलं तेव्हा थोरल्याची मदत बंद करायला म्हणून मी सुनेला विम्याच्या कचेरीत घेऊन गेलो. एकटीला जायची भीती वाटत होती तिला. खिडकीवरचा माणूस बोलायला चांगला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हळहळत म्हणाला, "अहो, नुसतं येऊन सांगायचं ना. काम असेपर्यंत थांबवून ठेवलं असतं, मग उरलेलं पुन्हा चालू. रोज करतो आम्ही हे." सुनेने मान डोलावली. रिक्षा करून आम्ही घाटकोपरला आलो.

मी तिला घरापर्यंत सोडायला वर गेलो. म्हातारी दारातच बसली होती. आम्हाला बघून उठली, माझ्याकडे न बघता सुनेला विचारलं, "काय म्हणाले गो थंय? बंद करून परत चालू झाला असता?"

सुनेच्या तोंडून काय निघणार याची मी वाट बघत होतो, आणि काहीही निघालं असतं तरी तिला बोल लावला नसता.

"नसतं झालं, आई," सून चप्पल काढत म्हणाली. "एकदा बंद केलं की बंदच, म्हणाले."

म्हातारीने मोठा श्वास सोडला. "मी सांगत होतंय ना," ती म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावून पुन्हा उंबऱ्यावर बसली.

सून मोकळ्या कपाळाने आत गेली आणि तिने चहा ठेवला. तिचा तो जबाब मी कुठेही नोंदवला नाही.