पहिल्या नंबरला चारा

थोरल्या वहिनींचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. धार काढताना हात असा काही ओढला गेला, की गरीब गाईनेही लाथ झाडली.

आदल्या दिवशी चराई समितीच्या सर्वेक्षणवाल्या बाई दारात आल्या होत्या. "झाडीतल्या कुरणाचा तुम्हाला सगळ्यात मोठा फायदा कोणता? एकच सांगायचा." वहिनींचे हात शेणात होते. "चारा," म्हणाल्या आणि मोकळ्या झाल्या.

त्याच संध्याकाळी जेवताना दीर खुशीत होते. समितीचे प्रमुखच ते. "वहिनी, बहुतेक सगळ्यांनी चाराच सांगितलाय. मग एवढी झाडं हवीत कशाला? निम्मी काढली की गवत दुप्पट!"

वहिनींनी हातातला घास परत ताटात ठेवला.

आज त्यांनी समितीच्या ऑफिसात दोन खेपा घातल्या. पहिल्यांदा कुलूप होतं. दुसऱ्यांदा त्या बाई कागद लावत बसलेल्या.

"माझं उत्तर बदला. सावली लिहा." दारापर्यंत जाऊन त्या परत फिरल्या. "सावली नको, सरपण लिहा." पुन्हा उंबऱ्यावर थबकल्या. "नाही, तेही नको."

"काकू, फॉर्मवर चौकोन एकच आहे हो," बाई हसू दाबत म्हणाल्या.

"मग तुम्हीच चला माझ्याबरोबर."

भर दुपारी दोघी कुरणावर गेल्या. उघड्यावरचं गवत वाळून कडकडीत झालेलं. फांद्या छाटून छाटून बुटक्या, जाडजूड झालेल्या झाडांखाली मात्र ते घोट्याएवढं हिरवं होतं. कालच व्यायलेली गाय तिथेच वासराला चाटत उभी होती.

"गवत नव्हतं त्या वर्षी याच फांद्यांचा पाला घालून गुरं जगवली," वहिनी म्हणाल्या. मग एका खोडावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "आमचे हे गेले, तेव्हा सहा महिने मी घरात कुणाशी धड बोलले नाही. गुरं सोडायची आणि इथे टेकून बसायचं. हे कुठल्या चौकोनात बसवाल?"

बाईंनी फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. नंतरचे चार दिवस त्या पुन्हा घरोघर फिरल्या.

समितीच्या सभेत त्यांनी त्या मागच्या बाजू वाचून दाखवल्या. कुणी मध सांगितला होता, कुणी पाखरं, कुणी म्हाताऱ्यांची बसायची जागा. बरीच चर्चा झाली, आवाज चढले. शेवटी ठरलं, की यंदा फक्त नेहमीची छाटणी. झाडं काढायचं पुढच्या वर्षी बघू.

घरी येताना दीर फुरंगटून म्हणाले, "वहिनी, आधी मला तरी सांगायचंत."

"भावोजी, मलाच आधी कुठे कळलं होतं?"

वहिनींना ते 'पुढच्या वर्षी' चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं.