कापडी छताचा पिंजरा

लालबागच्या आमच्या चाळीत, समोरच्या खोलीत कोकणातला एक गिरणी कामगार राहायचा. त्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. सगळी चाळ त्याला लावावाला म्हणायची, कारण त्याने रानातला एक लावा पाळला होता. मूठभर तपकिरी पाखरू, गळा विटकरी, पांढऱ्या पोटावर काळ्या रेघा. दांडीवर कधी बसायचं नाही. दिवसभर तळालाच उकरत फिरायचं. पिंजऱ्याला वर मात्र जुन्या धोतराचं छत. मी कारण विचारलं.

"कोणाचो पाय अंगावर येयपर्यंत ह्यो लावो हलणा नाय. मगे भियालो की सरळ वर उडता. वर फळी आसली तर टकला फुटून मरतलो."

संयुक्त महाराष्ट्राच्या एका मोर्चात आम्ही दोघे होतो. अचानक गोळीबार सुरू झाला, तसे एका ओट्याच्या कठड्यामागे दडलो. बुटांचे आवाज जवळ आले आणि मी पळायला उसळलो. कापसाचे तंतू चिकटलेला त्याचा पंजा डोक्यावर आला आणि मी खाली दाबला गेलो.

"बस!"

वरच्या भिंतीत गोळी घुसली. गिलावा आमच्या अंगावर पडला.

त्या संध्याकाळी खोलीत शिरताच त्याने आधी पिंजऱ्याचं धोतर चाचपून पाहिलं.

तो जाऊन किती वर्षं झाली. अजूनही दचकलो की माझा हात डोक्यावर जातो, तिथे त्याचा पंजा शोधत.