टेपवाले चाचा आणि सहाशे मीटर

गळ्यात टेप घालून धावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पहाटे साडेपाचला आम्ही हिंगोलीच्या मैदानावर पायांना ताण देत उभे असायचो. कुणाच्या मनगटावर घड्याळ, कुणाच्या दंडाला फोन. चाचा मात्र शिंप्याचा पिवळा टेप गळ्यात ठेवूनच यायचे. पहिल्या दिवशी म्हणाले, दुकान बंद करताना काढायचा राहिला. पुढची नऊ वर्षं तो दर वेळी काढायचा राहिला. आमच्यातल्या सिस्टर एकदा म्हणाल्या, "चाचा, घरी ठेवत जा की त्याला. पळता पळता फास बसंल." चाचा म्हणाले, "बाई, ह्याच्याबिगर गळा उघडा वाटतो."

आमचा क्लब म्हणजे फार मोठं काही नव्हतं. रविवारी पहाटे जमणारी तीस-चाळीस माणसं. डॉक्टर अध्यक्ष, कारण निम्म्या लोकांना त्यांनीच साखर आणि रक्तदाबाची भीती घालून मैदानावर आणलं होतं. चाचाही साखरेचेच. सिस्टर सरकारी दवाखान्यात नर्स, जवळच्या एका तांड्यावरच्या. पळण्यात आम्हा पुरुषांना सहज मागे टाकायच्या. आणि मी सचिव. शाळेत भूगोल शिकवतो म्हणून सगळे 'सर' म्हणतात. मी बोलका माणूस नाही. क्लबात मला सचिव केलं तेही त्यामुळेच. डॉक्टर म्हणाले, हे वाद घालणार नाहीत.

चाचांची शिलाईची मशीन आणि त्यांचं धावणं यांत फरक नव्हता. छोटी पावलं, एक लय, शेवटपर्यंत तीच. "पायडल मारल्यागत पळायचं सर," ते सांगायचे. "मधीच जोर केला की धागा तुटतो." मी दम लागून थांबलो तर तेही थांबायचे, पण जागच्या जागी पाय हलवत. साठीकडे झुकलेला तो माणूस माझ्याभोवती नाचत राहायचा आणि मला लाजेनं पुन्हा पळावं लागायचं.

वजनाच्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. माणूस किती उतरला हे ते डोळ्यांनी सांगायचे, आणि ते बोटांत असायचं. "सर, कमरंत दोन बोटं गेलात." डॉक्टरांना तर त्यांनी सगळ्यांदेखत ऐकवलं होतं, "साहेब, तुमची पँट मी चारदा कमरंत सोडली. आता आत कापडच शिल्लक न्हाई. आता पँट न्हाई, तुमालाच आत जावं लागंल." डॉक्टर हसले, पण त्या दिवशी दोन फेऱ्या जास्त पळाले.

स्पर्धेत छातीवर लावायच्या नंबरांचे कागद घामानं फाटतात म्हणून त्यांनी उरलेल्या मांजरपाटाचे चौकोन कापून त्यावर लाल धाग्यानं आकडे शिवले. स्पर्धा झाली की सगळे नंबर परत घ्यायचे, चाची धुऊन वाळत घालायच्या, पुढच्या वर्षी तेच. बाहेरगावचे लोक हसायचे. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे.

पण चाचांचं खरं काम रस्ता मोजण्याचं. फोनवरचं अंतर त्यांना मंजूर नव्हतं. "फोन आभाळाकडं बघून सांगतो. मी जमिनीला लागून सांगतो." त्यांनी सायकलच्या पुढच्या चाकाचा घेर टेपनं मोजून ठेवला होता. चाकाच्या एका आरीला लाल चिंधी बांधायची, सायकल हातात धरून चालायचं आणि चिंधी खाली आली की एक मोजायचं. शंभर झाले की डाव्या खिशातला एक चिंचोका उजव्या खिशात. एकदा जाताना, एकदा येताना. दोन्ही आकडे जुळले तरच रस्त्यावर चुन्यानं रेघ मारायची. मोजताना कुणी 'काय चाचा' म्हटलं तरी ते मान वर करत नसत. मी एकदा विचारलं, एवढं कशाला, पाच-पन्नास मीटर इकडे-तिकडे झाले तर काय बिघडलं? ते म्हणाले, "माप चुकलं तर गिऱ्हाईक गप बसतं सर. आरसा गप बसत न्हाई."

आता जे सांगायचं आहे ते सांगतो.

दहा किलोमीटर एका तासाच्या आत पळायचं हे माझं त्या वेळचं वेड होतं. तीन वर्षं मी एकसष्ट-बासष्ट मिनिटांवर अडकलो होतो. घरात, शाळेत, कुठंच मी कशात पहिला नव्हतो, तसं व्हावंसंही कधी वाटलं नव्हतं. पण हा एक तास मला हवा होता. चाचांना ते ठाऊक होतं. "होतंय सर, होतंय," म्हणायचे.

आमची वार्षिक स्पर्धा फेब्रुवारीत. औंढ्याच्या रस्त्यानं पाच किलोमीटर जायचं, चुन्याच्या रेघेवर ठेवलेल्या निळ्या ड्रमला वळसा घालून परत यायचं. चाचांनी आदल्या दिवशी दोनदा मोजून रेघ मारली. ड्रम ठेवणं माझ्याकडे होतं. पहाटे मोटारसायकलला ड्रम बांधून गेलो, तर हळदीच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली. बाजार उघडेपर्यंत गावाबाहेर थांबलेले. रस्त्याची एक बाजू ट्रॉल्यांनी भरलेली, आणि रेघ त्यांच्याखाली, पार पलीकडच्या टोकाला कुठंतरी. ड्रायव्हर पोत्यांवर पांघरूण घेऊन झोपलेले. एका-दोघांना उठवायचं, गाडी हातभर पुढं घ्यायला लावायची, एवढंच काम होतं. मी उठवलं नाही. उशीर झाला होता हे खरं, पण तेवढा नव्हता. मी रांगेच्या अलीकडच्या टोकाला ड्रम ठेवला आणि परत आलो. रांग तीनशे मीटर तरी होती. यामुळे आपला तास जमेल, हा विचार ड्रम ठेवताना आला की परत येताना, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. आला होता, एवढं नक्की.

शेवटच्या रेघेवर चाचा वही आणि स्टॉपवॉच घेऊन बसले होते. मी आलो तसे ते खुर्चीवरून उठलेच. "अठ्ठावन्न चाळीस! सर, झालं तुमचं!" घामानं भिजलेल्या मला त्यांनी मिठी मारली. त्यांच्या टेपचं पितळी टोक माझ्या हनुवटीला लागलं. त्या दिवशी सगळ्यांचेच आकडे चांगले आले. डॉक्टरांनी सगळ्यांना जिलेबी खाऊ घातली.

नांदेडहून तिघं आले होते, तिघांच्याही मनगटावर महागडी घड्याळं. दुपारी त्यांच्या ग्रुपवर घड्याळाचा फोटो पडला: नऊ पूर्णांक चार. खाली लिहिलं होतं, 'हिंगोलीत किलोमीटर स्वस्त मिळतो.' संध्याकाळपर्यंत तो आमच्या ग्रुपवर आला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या दवाखान्यात बैठक झाली. चाचा त्या सकाळीच पुन्हा जाऊन आले होते. रेघ ट्रॅक्टरांच्या चाकांनी पुसून गेली होती; ताडून बघायला काही उरलं नव्हतं. स्पर्धेआधी मोजल्याची चिठ्ठी त्यांनी टेबलावर ठेवली. "डॉक्टरसाहेब, मी दोनदा मोजलं व्हतं. आकडा जुळला व्हता." मग माझ्याकडे वळले. "सर, ड्रम रेघंवरच ठेवला व्हता ना?"

मी म्हणालो, "हो चाचा. रेघेवरच."

त्यांनी माझ्याकडे क्षणभरही संशयानं पाहिलं नाही. चिठ्ठी उचलली, घडी केली. "मंग माझीच गफलत झाली. माफ करा." डॉक्टर भला माणूस; म्हणाले, "चाचा, होतं असं. पुढच्या वर्षी आपण फोननंच मोजू." कुणी त्यांना एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला पुढं पुष्कळदा वाटलं.

चाचा रविवारी यायचे, पळायचे. दुकानात मात्र फरक पडला होता. मी शर्टाचं कापड घेऊन गेलो तर छाती मोजली, लिहिली, पुन्हा मोजली, पुन्हा लिहिली. तिसऱ्यांदा टेप लावला तेव्हा मी म्हणालो, "चाचा, झालं की." म्हणाले, "राहू द्या सर. आता आपला भरोसा न्हाई." तो शर्ट मला शिवून मिळालाच नाही. महिनाभरानं त्यांनी कापड तसंच परत केलं. मग दुकानावर पाटी लागली, 'फक्त दुरुस्ती'. चेन बदलणं, दुमड घालणं, उसवलेलं शिवणं. ईदला नेहमीची माणसं कापडं घेऊन आली आणि तशीच परत गेली.

एकदा चाची दुकानाच्या मागच्या दारातून बाहेर आल्या. "सर, तुमी शिकलेले हाव. ह्यांना जरा इचारा ना, काय तकलीफ हाय. कात्री उचलतात, कापडावर धरतात अन् ठेवून देतात. तीस सालाचा हात हाय ह्यांचा." मी म्हणालो, वय झालं चाची, होतं असं. आणि घरी आलो. घरात भिंतीवर अठ्ठावन्न चाळीसचं प्रमाणपत्र होतं. ते मी उतरवलं आणि कपाटात ठेवलं. उतरवलं म्हणजे काहीतरी केलं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

वर्षानं चाचा दुकान सोडून कळमनुरीला मुलीकडे जायला निघाले. क्लबानं निरोप दिला. शाल माझ्या हातानं द्यायची ठरलं, सचिव म्हणून. शाल खांद्यावर घेऊन ते बोलायला उभे राहिले. "लई प्रेम दिलं तुमी. फकस्त एक हाय. माझ्यामुळं क्लबाचं नाव खराब झालं. तेवढं पोटात घाला." लोक म्हणाले, छे छे चाचा. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. 

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गेलो. मशीनला गोणपाट गुंडाळून ते सुतळी बांधत होते. बसलो नाही, उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ट्रॅक्टर, ड्रम, माझं खोटं. त्यांनी सुतळी सोडली.

"रांग किती व्हती?"

"तीनशे मीटर असेल."

"जाऊन-येऊन सहाशे."  मग आतल्या दाराकडे तोंड करून इतक्या मोठ्यानं ओरडले की मी दचकलो. "सुन्ती क्या? अपना नाप बराबर था! बराबर था!" चाची धावत आल्या. त्यांना काही कळेना. ते त्यांच्या दंडाला धरून तेच तेच सांगत राहिले. ओले झालेले डोळे त्यांनी कालच्या शालीलाच पुसले.

मग माझ्याकडे वळले तो चेहरा निराळा होता.

"काल काहून न्हाई बोललात? काल समदे व्हते."



"सालभर मी ह्या हाताकडं बघून राहिलो सर. रोज. तुमी इथं बसून चहा पीत व्हते." त्यांनी सुतळी पुन्हा हातात घेतली. "मला कशाला सांगून राहिले? माझी गफलत समद्यांसमोर ठरली व्हती. जा, त्यांना सांगा."

रविवारी मैदानावर मी सगळ्यांना थांबवलं आणि सांगितलं. डॉक्टर खाली बघत म्हणाले, "आता कशाला उकरता सर? गेले ते." दोघं-तिघं हसले. त्यांना ती गोष्ट आठवतही नव्हती. सिस्टर हसल्या नाहीत. "चाचांना फोन लावा," त्या म्हणाल्या. "आत्ता." मी चाचपडलो तसा त्यांनी स्वतःच लावला आणि आवाज मोठा केला.

"चाचा, आम्ही समदे मैदानावर आहोत. सरांनी सांगितलं."

 पलीकडून आवाज आला. "सर हायेत का तिथं?"

"आहेत."

"मंग मला बी ऐकू द्या. त्यांच्याच तोंडून."

मी पुन्हा सांगितलं. पहिल्यांदा सांगताना 'ड्रम थोडा अलीकडे ठेवला गेला' असं म्हणालो होतो. या वेळी 'मी ठेवला' म्हणालो, 'मी खोटं बोललो' म्हणालो. कुणी हसलं नाही. डॉक्टर पुढं झाले, फोनजवळ तोंड नेऊन म्हणाले, "चाचा, चुकलं आमचं. आम्ही एकदा तुमच्यासंगं मोजायला यायला पाहिजे होतं."

"व्हय," चाचा म्हणाले. "यायला पाहिजे व्हतं." मग म्हणाले, "जा आता. ऊन होऊन राहिलं. पळा."

आम्ही पळालो. माझा तास अजून झालेला नाही. आता पन्नाशीत तो होईल असं वाटतही नाही. त्याचं काही नाही.

गेल्या वर्षी माझी बदली आखाडा बाळापूरच्या शाळेत झाली. रोज कळमनुरीवरून जातो-येतो. मुलीच्या घरापुढच्या खोलीत चाचांनी पुन्हा दुकान घातलंय, रस्त्यालगतच. सिस्टरांनी तिथून ड्रेस शिवून आणला. म्हणाल्या, अंगावर असा बसलाय की बोट घालायला जागा नाही. मी चाचांना दोनदा फोन केला. उचलला नाही. त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही.

परवा बाजाराचा दिवस होता, गर्दीमुळे मला दुकानासमोरच गाडी थांबवावी लागली. चाचा उभे राहून टेबलावर निळं कापड कापत होते. त्यांनी वर पाहिलं. मी हात वर केला. त्यांनी मला नीट ओळखेपर्यंत पाहिलं, आणि मान खाली घातली. हात एकदाही अडला नाही; कापड सरळ, एका दमात, टोकापर्यंत कापलं गेलं.